दंव न पडलेली जागा

अलिबागच्या दक्षिणेला, बैलगाडीनं दीड-दोन तासांच्या वाटेवर असलेल्या एका गावात मी सहा वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. गाव म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांची लांबच लांब पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. मी एकटी होते. लग्न झालं नव्हतं, आणि होईल अशी आशा घरच्यांनीही सोडली होती.

मी एका जोडप्याच्या घरात माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. घरमालक पोस्टातून निवृत्त झालेले. चाळीस गावांची पत्रं त्यांनी पायी वाटली होती, त्यामुळे बसले तरी त्यांचे पाय हलत असत. त्यांना मी काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंही कमी बोलत. घरात दुपारी सुद्धा पोफळीची पानं पडल्याचा आवाज ऐकू यायचा.

माझ्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडत असे. तिथे वाडी संपायची आणि मोकळी जागा लागायची. त्या मोकळ्या जागेत त्यांचा जुना गोठा होता. गुरं कधीच विकून टाकली होती. भिंती कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. छप्पर मात्र पत्र्याचं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मुंबईत लष्कराचं सामान विकायला निघालं होतं, त्यातले पत्रे काकांनी बोटीवरून आणले होते. गोठ्याच्या बाजूनं पायवाट जात होती. पलीकडच्या पाड्यावरची दूधवाली त्याच वाटेनं उजाडायच्या सुमारास यायची.

मला पहाटे उठून वह्या तपासायची सवय होती. मार्गशीर्षात थंडी पडली की मी शाल गुंडाळून खिडकीशी बसायची. माडांच्या खाली दंव पडत नाही. माड जमिनीवर पांघरुणासारखे असतात. पण मोकळ्या जागेतल्या गवतावर आणि त्या पत्र्यावर मात्र भरपूर दंव पडायचं. उजाडताना सगळं छप्पर पांढरट, धुरकट दिसायचं, जणू कुणी त्यावर श्वास सोडला आहे.

पहिला माणूस अंतराळात जाऊन आला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. एका सकाळी मला दिसलं की छपराच्या एका कोपऱ्यात दंव नाही. सुपाएवढी जागा कोरडी, काळी. बाकी सगळा पत्रा ओला. मी फारसा विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी तीच जागा तशीच कोरडी होती. तिसऱ्या दिवशीही होती, आणि तिच्या कडेकडेनं पत्र्यावरून बारीक वाफ निघत होती.

पत्रा रात्रभर आपली ऊब उघड्या आकाशाकडे सोडत राहतो. तो हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्यावर दंव जमतं. वर्गात मी हे दर वर्षी शिकवायची. एखाद्या जागी दंव जमत नसेल, तर त्या जागेला खालून कुणीतरी ऊब देत असलं पाहिजे. गोठ्याला कुलूप होतं. आत ना गुरं होती, ना चूल.

त्या दिवशी पाणी भरताना मी काकूंना सहज विचारलं, "गोठ्यात काही ठेवलंय का?"

"सुकट ठेवलीय," त्या लगेच म्हणाल्या. "वास येतो म्हून कुलूप घातलंय."

वास येत नव्हता. सुकटीचा वास वाऱ्याच्या कुठल्याही दिशेनं येतो. पण मी पुढे बोलले नाही. भाडेकरूनं बोलू नये अशा काही गोष्टी असतात.

त्यानंतर मी रोज पाहत राहिले. ती कोरडी जागा एका ठिकाणी राहत नव्हती. आधी ती घराकडच्या कोपऱ्यात होती. आठ दिवसांत मधोमध आली. मग पायवाटेच्या बाजूला सरकली, रोज हातभर. आत कुणीतरी फार सावकाश त्या वाटेकडे निघालं आहे असं वाटायचं. पहाटेच्या त्या उजेडात वाडीत काही हलत नसे, आणि ती काळी जागा मात्र कालच्यापेक्षा पुढे आलेली असे. मी शास्त्र शिकवणारी बाई. तरी दोनदा मी खिडकी लावून घेतली.

याच सुमाराला अष्टग्रहीची भीती पसरली. आठ ग्रह एका राशीत येणार, पृथ्वी बुडणार, समुद्र आत येणार, असं सगळीकडे चाललं होतं. गावोगाव होम चालले होते. मुंबईत कामाला गेलेली माणसं मरायचंच तर घरी मरू म्हणून परत येत होती. कोळीवाड्यातल्या काही होड्या तर समुद्रात जायच्याच थांबल्या. आमच्या हेडमास्तरांना हे बघवेना. त्यांनी गावच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलं. विषय होता ग्रह आणि अंतराळ.

संध्याकाळची वेळ. पेट्रोमॅक्सची बत्ती. पुरुष पुढे, बायका भिंतीशी. काका पहिल्याच रांगेत, गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसले होते. ते माझं व्याख्यान आहे म्हणून कौतुकानं आले होते. बायकांत आमची दूधवालीही होती. रिकामा कॅन मांडीशी घेऊन बसली होती.

मी ग्रहांचं सांगितलं. एका रांगेत दिसणं आणि एका जागी असणं यात केवढं अंतर आहे ते चिंचोके मांडून दाखवलं. लोक थोडे सैलावले. मग हेडमास्तरांनी विचारलं, "ग्रहांचं सोडा, बाई. माणसानं बनवलेल्या यानांचं काय? समजा परक्या मुलखाचं यान दिवे मालवून, इंजिन बंद करून आपल्या डोक्यावरून फिरत राहिलं. काळ्या आकाशात काळं यान. आपल्याला कसं कळायचं?"

"त्याला लपता येणार नाही, सर," मी म्हणाले. "दिवे मालवता येतील. ऊब नाही मालवता येणार. आत जिवंत माणसं असतील तर त्यांना ऊब लागणार, त्यांची यंत्रं चालणार, त्यांचं अंगही गरम असणार. इथे आपला चहा निवतो तो हवेमुळे. तिथे हवाच नाही. उष्णतेला बाहेर पडायला एकच वाट, किरणांची. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते टिपणारी यंत्रं निघाली आहेत. आणि मागचं आकाश इतकं गार, की त्यावर माणसाची एवढीशी ऊबही उठून दिसेल."

"मग ऊब आतच कोंडून ठेवली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"थोडा वेळ ठेवता येईल. जास्त वेळ कोंडली तर आतली माणसं मरतील."

"एका बाजूला गार पडदा धरला तर?"

"तर तीच ऊब दुसऱ्या बाजूनं बाहेर पडेल. कुणापासून लपायचं ते आधी ठरवावं लागेल. सगळ्यांपासून नाही लपता येणार."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला उदाहरण देण्याची खोड होती, आणि लोक इतके मन लावून ऐकत होते की मला ते हवंहवंसं वाटलं. मी म्हणाले, "लांब कशाला जायचं? मी राहते तिथे मागे एक पत्र्याचं छप्पर आहे. पहाटे सगळ्या छपरावर दंव असतं, आणि एका जागेवर नसतं. आत काय आहे मला माहीत नाही. दार बंद आहे, आवाज नाही, उजेड नाही. पण आत काहीतरी ऊबदार आहे, हे छप्पर मला रोज सांगतं."

लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांचे सदा हलणारे पाय थांबले होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. भीती होती. माझं पुढचं बोलणं कसंबसं संपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकीशी गेले. छप्पर पांढरं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती जागा नव्हती.

आजही मला सांगता येत नाही की ते पांढरं छप्पर बघून मला एवढी धडकी का भरली. महिनाभर त्या काळ्या जागेला मी भ्यायले होते. ती नाहीशी झाल्यावर कळलं, की तिच्या असण्याचा मला धीर होता. आत काहीतरी जिवंत होतं, आणि काल संध्याकाळी मी बोलले म्हणून ते विझवलं गेलं होतं.

त्याच्या पुढच्या सकाळीही छप्पर पांढरंच. मला गोठ्यातून खोकला ऐकू आला. माणसाचा. तोंडावर कापड दाबून खोकावं तसा.

त्या दिवशी शाळेला न जाता मी खाली आले. काका अंगणात होते. मी म्हणाले, "काका, गोठ्यात कोण आहे ते मला सांगू नका. पण शेगडी पेटवा. माझ्या बोलण्यामुळे ती विझली असेल तर ते पाप माझ्या डोक्यावर नको."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि मला म्हणाल्या, "चला."

आत अंधार होता. खाट, तिच्यावर चार गोधड्या, त्यांच्याखाली एक माणूस. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. खाटेखाली राखेची थंड शेगडी. काकू म्हणाल्या, "माझा भाऊ. सख्खा."

मला त्यांच्या भावाविषयी माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. स्वातंत्र्याच्या वर्षी, पावसाच्या दिवसांत, मुंबईहून येणारी एक बोट बुडाली होती. शेकडो माणसं गेली. त्यात काकूंचा भाऊ गेला होता. प्रेत सापडलं नाही म्हणून घरच्यांनी गवताचा पुतळा करून जाळला होता, तेरावा केला होता. पुढे दोन वर्षांनी त्याच्या बायकोनं दुसऱ्याशी पाट लावला. तिला तीन मुलं झाली. ती म्हणजे आमची दूधवाली.

मी आत जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला. ताप असेल असं मला वाटलं होतं. कपाळ गार होतं. त्यानं माझा हात धरला, तर त्याची बोटं विहिरीतल्या पाण्यासारखी.

"घाबरू नका, बाई," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, गावातल्या कुणाचाही असावा तसा. "मेलेला न्हाय मी. फक्त गार पडलोय."

त्यानं जे सांगितलं ते काकूंसमोर सांगितलं. त्या शेगडीत फुंकर घालत होत्या. त्या दिवशी तो बोटीवर चढलाच नव्हता. धक्क्यावर चहा पीत बसला, बोट सुटली. दुपारनंतर बातमी आली. लोक रडत धावत होते आणि तो एका खांबाला टेकून उभा होता. "बाई, मला सुटल्यावानी वाटलं," तो म्हणाला. "घर, शेत, बायको, रोजची कटकट, सगळ्यातून. मी मेलोय असं समदे म्हणतायत, तर म्हणू दे. कुणाला काय सांगायलाच नको." तो जहाजावर गेला. चौदा वर्षं बॉयलरमध्ये कोळसा मारला. छाती निकामी झाल्यावर त्याला उतरवून दिलं. मुंबईच्या एका खोलीत पडून होता. मरण जवळ आलं तेव्हा बहिणीला पत्र टाकलं. काका जाऊन त्याला मचव्यातून घेऊन आले.

"बॉयलरम्होरं चौदा वर्षं काढली," तो म्हणाला. "आता कितीबी शेगडी लावा, ऊब आत जातच न्हाय."

"खाट कशाला सरकवत होतात?" मी विचारलं. "रोज थोडी थोडी."

तो काकूंकडे बघू लागला. काकूच म्हणाल्या, "ती जाते ना वाटेनं. दूध घेऊन."

"पाऊल ऐकू येतं," तो म्हणाला. "ओळखायला मला आठ दिस लागले. आधी ती भरभर चालायची. आता डावा पाय जरा ओढते. काय झालं तिच्या पायाला?"

मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडून रोज दूध घेत होते आणि तिचा पाय माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

त्याला तिच्यासमोर जायचं नव्हतं. गावाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर तिचा पाट, तिची मुलं, तिचं घर, सगळ्यावर बोटं उठली असती. "मी तिला येकदा सोडून गेलो, ते पुरे," एवढंच तो म्हणाला.

मग मी माझ्या व्याख्यानातलं उत्तर खरं करून दाखवायला बसले. ऊब लपत नाही, पण तिची बाजू बदलता येते. खाचरात भाताचा पेंढा रचलेला होता. त्या दिवसांत कुणीही गोठ्यावर पेंढा टाकून ठेवतं, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. काकांनी आणि मी दुपारभर पेंढा छपरावर पसरला, चांगला हातभर जाड. घराकडच्या भिंतीत, खाली, मी कुडाच्या कामट्या काढून वीतभर झरोका केला. त्या बाजूला आमच्याच घराची भिंत होती, तिथून कुणी जात नसे. शेगडीची ऊब आणि धूर तिकडून निघावा.

"हा झरोका कधी बुजवायचा नाही," मी काकांना बजावलं. "कोळशाचा वायू आत कोंडला तर माणूस झोपेतच जातो."

"समजलो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेंढ्यावर सारखं दंव होतं. आणि आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, त्या झरोक्यासमोर, ओलीचा एक डाग उठला होता. तो फक्त मलाच दिसत होता.

अष्टग्रहीची अमावास्या आली आणि गेली. त्या दिवशी गाव दुपारीही दारं लावून बसलं होतं. समुद्र नेहमीएवढाच वर आला. दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांकडे बघून ओशाळल्यासारखे हसत होते. त्याच सकाळी दूधवाली माडीचा जिना चढून वर आली. ती कधी वर येत नसे. मी भांडं पुढे केलं. तिनं दूध घातलं नाही.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी तुमी बोललात. पत्र्यावरचं दंव सुकतं म्हून. मीबी बघितलं व्हतं ते. रोज त्याच वाटेनं येते ना. मला वाटायचं पत्रा फुटलाय. पण ती सुकी जागा वाटेकडं सरकत व्हती. व्हय ना?"

मी भांडं जमिनीवर ठेवलं.

"वन्सं पयल्यांदा मागल्या दारी दूध घ्यायच्या. दिवाळीपासून म्होरल्या दारी ये म्हणतात. मागं फिरकू देत न्हाईत." ती माझ्याकडे बघत होती. "बाई, तुमी शिकलेल्या हाव. ऊब कुणाची हाय ते कळतं का? जाळाची का माणसाची?"

"नाही कळत," मी म्हणाले. ते शास्त्राप्रमाणे जवळजवळ खरं होतं.

तिनं मान हलवली. दूध मापून घातलं आणि खाली गेली. मी खिडकीशी आले. ती वाटेवर, गोठ्यापाशी थांबली. इकडेतिकडे पाहिलं नाही. कॅन खाली ठेवला आणि उजव्या हाताचा तळवा कुडाच्या भिंतीला लावला. खाट त्याच भिंतीशी होती. आत त्याला तिचं पाऊल थांबलेलं ऐकू गेलं असणार. दोघांच्या मध्ये चार बोटं माती होती. ती तशी उभी राहिली, मी वहीतली दोन पानं तपासावीत इतका वेळ. आतून खोकल्याचाही आवाज आला नाही. मग तिनं हात पदराला पुसला, कॅन उचलला आणि गेली.

त्यानंतर रोज सकाळी गोठ्याच्या कोपऱ्यावर करवंट्यांची एक टोपली ठेवलेली असायची. करवंटीचा निखारा फार वेळ टिकतो. काकू ती मुकाट्यानं उचलून आत नेत. मला वाटलं, आता ज्याला कळायला हवं त्याला कळलं आहे, आणि हे असंच शेवटापर्यंत चालेल.

पण तिला भिंतीला हात लावताना मी एकटीनं पाहिलं नव्हतं. काकांनीही पाहिलं होतं.

ते मला काही बोलले नाहीत. टोपल्या कोण ठेवतं तेही त्यांनी विचारलं नाही. ते दिवसातून दहादा गोठ्याला फेरी घालत, भिंतीला हात लावून बघत, पेंढा सारखा करत. ज्याला चौदा वर्षांपूर्वी जाळलं त्याला आपण घरात ठेवलं आहे, हे आता गावभर होणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कोण कुठे उभं राहिलं की ऊब कळेल याचाच ते विचार करत असणार. मी व्याख्यानात सांगितलं होतं, सगळ्यांपासून लपता येत नाही. ते वाक्य त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकलं होतं.

आठवड्याभरानं एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं. पेंढा पांढरा. त्यात नवं काही नव्हतं. मग मी आमच्या मागच्या भिंतीकडे वाकून बघितलं. ओलीचा डाग वाळला होता.

मी खाली धावले. झरोक्यात गोणपाट कोंबलेलं होतं, आणि वरून शेणमातीचा हात फिरवलेला होता. व्यवस्थित, सावकाश केलेलं काम. माती अजून ओली होती. मी ती बोटांनी उकरली, गोणपाट ओढून काढलं. आतून गरम, जड हवा माझ्या तोंडावर आली.

काकू दार उघडून आत गेल्या. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. माझा हात त्याच्या मानेला लागला. पहिल्यांदाच त्याचं अंग गरम होतं. खोली तापली होती म्हणून. श्वास नव्हता.

त्याची छाती निकामी झाली होती. तो तसाही त्या हिवाळ्यापुरताच सोबती होता, हे डॉक्टरानं मुंबईतच सांगितलं होतं. तो आजारानं गेला की कोंडलेल्या हवेनं, हे मला माहीत नाही. काकांनी ते काम भीतीनं केलं, याविषयी मला शंका नाही. पण मी झरोका बुजवू नका म्हणाले होते, आणि ते समजलो म्हणाले होते. हेही मला विसरता येत नाही. काका दारात उभे होते. हातांना शेणमाती लागलेली. ते हातांकडे बघत होते. मी त्यांना काही विचारलं नाही, आणि त्यांनी काही सांगितलं नाही. काकूंनी माझ्या हातातलं गोणपाट घेतलं, घडी घातली आणि खाटेखाली सारलं. त्यांना कळलं की नाही, तेही मी कधी विचारलं नाही.

गावात सांगितलं, लांबचा पाहुणा होता, आजारी म्हणून आला होता. लोकांना तोंड दाखवलं नाही. संसर्गाचा आजार म्हटल्यावर कुणी आग्रहही केला नाही. खांदा द्यायला चार माणसं जमेनात. काका, शेजारचे दोघे, आणि चौथा दूधवालीचा नवरा. तो न बोलावता आला. शेतावरून तसाच आला होता, पायांना माती होती. त्यानं पुढचा खांदा घेतला आणि स्मशानापर्यंत बदलला नाही.

समुद्राच्या कडेला सरण पेटलं. भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. मी वाडीच्या टोकाशी उभी राहून ते पाहिलं. वाऱ्यानं झळ माझ्यापर्यंत येत होती आणि मी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दूधवाली नेहमीच्या वेळी आली. त्या दिवशी ती मागच्या दारी आली आणि काकूंनी दार उघडलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंनी भांडं पुढे केलं, तिनं दूध घातलं. मग ती माझ्याकडे जिना चढून आली. डावा पाय ओढत होती. मी विचारलं, पायाला काय झालं?

"लई वर्सं झाली," ती म्हणाली. "बोट बुडाल्याचं कळलं तवा किनाऱ्यावर पळत गेले व्हते. खडकावर पडले. नीट बसलाच न्हाय."

ती पायरीवर बसली. कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. ते सगळं दुसऱ्या नवऱ्याच्या नावाचं होतं आणि तो जिवंत होता.

"घरधन्याला ठाऊक होतं का?" मी विचारलं.

"मी सांगितलं न्हाय. करवंट्या तोच फोडून द्यायचा." तिनं कॅनचं झाकण बसवलं. "मी त्याचं समदं केलं व्हतं, बाई. एकदा. पुतळा जाळला, बांगड्या फोडल्या, वर्सभर गोड खाल्लं न्हाय. आता दुसऱ्यांदा काय करायचं असतं, ते कुणी सांगितलेलं न्हाय."

झरोक्याचं तिला सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिनं भिंतीला हात लावला ते काकांनी पाहिलं, आणि मी वाचनालयात बोलले नसते तर तिनं हात लावला नसता. हे तिला सांगून तिचं काय झालं असतं, याचा मी तेव्हा विचार केला, आणि गप्प राहिले. तो विचार तिच्यासाठी होता की माझ्यासाठी, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

त्या घरात मी आणखी अडीच वर्षं राहिले. काकांनी गोठा मोडला नाही, वापरलाही नाही. पावसात पेंढा कुजला आणि खाली आला. हेडमास्तरांनी पुन्हा दोनदा व्याख्यानाचं विचारलं, मी बरं नाही म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात मी खाट खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी घेतली आणि वह्या शाळेतच तपासून यायला लागले. काकू रोज संध्याकाळी माझ्यासाठी वर ताटलीत निखारे पाठवत, थंडी आहे म्हणून. मी त्यांना नको म्हटलं नाही. ताटली दाराबाहेर ठेवायची आणि सकाळी राख परत द्यायची.